रेयूनियोंचे दोन ज्वालामुखी: ढगाच्या आधी माथा

सह्याद्रीत वर्षानुवर्षं भटकलेल्या माणसाला रेयूनियों बेटावरचा दगड परका वाटत नाही. काळा, जड, कुठे बुडबुड्यांची जाळी पडलेला, कुठे घट्ट. हे साम्य वरवरचं नाही. बहुतेक भूशास्त्रज्ञांच्या मते सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्ह्याचे थरच्या थर ज्या तप्तबिंदूने, म्हणजे पृथ्वीच्या पोटातून तप्त रस वर येण्याच्या जागेने, ओतले, तोच आज हिंदी महासागरात या बेटाखाली धगधगतो आहे. भारताचा भूखंड उत्तरेकडे सरकत गेला, मागे लक्षद्वीप, मालदीव, चागोस, मॉरिशस अशी माळ उरली. या माळेचं ताजं टोक म्हणजे रेयूनियों, आपल्याकडे ज्याला रियुनियन म्हणतात ते. आपल्या पायाखालचा कातळ नवा असताना कसा दिसत असेल, हे पाहायचं असेल तर या बेटावर जावं.

बेट लहान आहे, २,५१२ चौरस किलोमीटर. फ्रान्सचाच भाग असल्यामुळे चलन युरो, पाट्या फ्रेंचमध्ये आणि आणीबाणीचा नंबर ११२. बेटावर दोन ज्वालामुखी आहेत. वायव्येचा पितों दे नेझ ३,०७० मीटर उंच, हिंदी महासागरातलं सर्वांत उंच शिखर. तो सुमारे १२,००० वर्षं शांत आहे. पावसाने आणि कडे कोसळून त्याच्या तीन बाजूंना तीन प्रचंड खोलगट दऱ्या झाल्या आहेत: सिलाओस, मफात आणि सालाझी. तिथे त्यांना 'सर्क' म्हणतात. आग्नेयेचा पितों द ला फुर्नेझ २,६३२ मीटर, जगातल्या सर्वांत जागत्या ज्वालामुखींपैकी एक. बरीच वर्षं अशी जातात की एका वर्षात तो एकापेक्षा जास्त वेळा उसळतो. सर्क, शिखरं आणि कडे मिळून हा प्रदेश २०१० पासून जागतिक वारसा यादीत आहे.

दोन्ही डोंगरांची तयारी वेगळी आहे. पण एक गोष्ट दोन्हीकडे सारखी: माथ्यावर पोचायचं ते सकाळी, दहाच्या आत.

कारण ढग. आग्नेयेकडून व्यापारी वारे समुद्राची दमट हवा बेटावर आणून सोडतात. सूर्य वर आला की उतार तापतात, हवा उतारांना धरून वर चढते आणि चढता चढता गार होऊन तिचा ढग होतो. पहाटे लख्ख असलेला सर्क नऊ-दहाच्या सुमारास खालून भरू लागतो आणि बाराला समोरची झाडंही दिसत नाहीत. बऱ्याच दिवशी हे ढग एका उंचीवर अडतात, कारण वर उबदार, कोरड्या हवेचा थर झाकणासारखा बसलेला असतो. म्हणून पितों दे नेझच्या माथ्यावर ऊन आणि हजार मीटर खाली चिंब धुकं, हे चित्र अगदी नेहमीचं. गावातून वर पाहून 'आज डोंगर झाकलाय, राहू दे' म्हणणारे चुकतात आणि 'दुपारी उघडेल' म्हणणारे त्याहून जास्त चुकतात.

मोसम मे ते नोव्हेंबर. डिसेंबर ते मार्च चक्रीवादळांचे दिवस, तेव्हा पाऊस कोसळतो म्हणजे काय हे एका आकड्यावरून समजेल: जानेवारी १९६६ मध्ये फुर्नेझच्या परिसरातल्या फॉक-फॉक इथे २४ तासांत १,८२५ मिलिमीटर पाऊस पडला, तो आजवरचा जागतिक विक्रम आहे. अशा पावसात ओढे तासाभरात ओलांडण्यापलीकडे जातात आणि वाटांवर दरडी येतात. वनखातं वाटा बंद करतं आणि त्यांची यादी जाहीर करतं. ती यादी आणि फ्रान्सच्या हवामानखात्याचा, मेतेओ-फ्रांसचा, अंदाज आदल्या संध्याकाळी पाहायचाच. बंद पाटी असलेल्या वाटेवर स्थानिक माणूस पुढे जाताना दिसला तरी मागे जाऊ नये. पुढचा पूल आहे की वाहून गेला, हे त्याला कदाचित माहीत असतं, आपल्याला नाही.

आता थंडी. बेट उष्णकटिबंधात आहे, किनाऱ्यावर लोक पोहत असतात, आणि तिथेच घोळ होतो. दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंश उतरतात. किनाऱ्यावर २५ अंश असतील तर ३,०७० मीटरवर पाच. पहाटेचा वारा धरला तर अंगाला शून्याखालीच लागतं. जुलै-ऑगस्टमध्ये वर हिमकण पडलेले दिसतात. घामाने भिजलेला सुती टीशर्ट घालून माथ्यावर अर्धा तास सूर्योदयाची वाट पाहणं म्हणजे थंडीने गारठून पडायला आमंत्रण.

पितों दे नेझ

वर जायच्या तीन मुख्य वाटा आहेत. सालाझीतल्या एल-बूरहून येणारी लांब आणि चिखलाची, झाडांच्या मुळांतून चढते. प्लेन दे काफ्रच्या बाजूची वाट केर्व्हेगाँच्या धारेवरून जाते, चढ कमी पण अंतर मोठं, आणि पावसानंतर तिथे घोट्यापर्यंत चिखल असतो. पहिल्यांदा जाणाऱ्याने सिलाओसची तिसरी वाट धरावी. ती सर्वांत आखूड आहे आणि तितकीच अंगावर येणारी.

सिलाओस गाव १,२०० मीटरवर. तिथे पोचण्याचा रस्ताच चारशे वळणांचा म्हणून प्रसिद्ध आहे. गाडी लागणाऱ्याने समोरच्या सीटवर बसावं, आणि घाट दिवसाउजेडी चढावा. एकेरी बोगदे आणि आंधळी वळणं रात्री नकोत. गावातून ब्रा-सेककडे जाणाऱ्या रस्त्यावर ल ब्लॉक नावाची जागा आहे, उंची सुमारे १,३८० मीटर. वाट तिथून सुटते. मुक्कामाचं ठिकाण म्हणजे काव्हेर्न द्युफूरचं 'झीत', डोंगरातला निवारा, २,४७८ मीटरवर. म्हणजे पाचेक किलोमीटरमध्ये ११०० मीटरची चढाई. सराव असलेला अडीच तासांत चढतो, सॅक घेऊन सावकाश जाणाऱ्याने साडेतीन-चार तास धरावेत. मधे पती मातारुमचं छोटं पठार लागतं, दम खाण्याची जागा ती.

ही वाट हरवण्यासारखी नाही. त्रास आहे तो पायऱ्यांचा. उतार टिकावा म्हणून आडवे ओंडके ठोकून पायऱ्या केल्या आहेत. पावसाने ओंडक्यामागची माती धुऊन जाते आणि पायरीच्या जागी खोकं तयार होतं: पुढे ओंडका, मागे खड्डा, त्यात पाणी. प्रत्येक पाऊल गुडघ्याएवढं उचलावं लागतं. ओला ओंडका साबणासारखा निसटतो. पाय त्याच्यावर ठेवू नये, मागच्या खड्ड्यातल्या दगडावर ठेवावा. पहिल्या तासात धावू नका. श्वास लागला तरी सलग वाक्य बोलता येईल, इतक्याच वेगाने चढलं तर वर पोचल्यावर जेवण जातं आणि झोप लागते.

झीतचं आरक्षण बरंच आधी करावं लागतं, शनिवार-रविवार तर महिनोन्‌महिने आधी भरतात. ते त्या काळात चालू आहे ना, हे विमानाचं तिकीट काढण्याआधी तपासायचं. दुरुस्तीसाठी झीत बंद असली तर साऱ्या बेताचे तीन तेरा वाजतात. खोल्या सामायिक, गरम पाण्याची आशा ठेवू नये. रोख युरो जवळ हवेत. नळाचं पाणी पिण्याजोगं आहे असं गृहीत धरू नये. तीन लिटर पाणी खालून न्यायचं, वर शुद्धीकरणाच्या गोळ्या. मुक्काम नकोच, एका दिवसात जाऊन येऊ, असं करणारेही आहेत. पण ल ब्लॉक ते माथा ते ल ब्लॉक म्हणजे १,७०० मीटर चढ आणि तेवढाच उतार, आणि सूर्योदय हवा असेल तर मध्यरात्रीच निघायचं. पायात खात्री असेल तरच.

झीतपासून माथा ५९० मीटर वर, दीड ते दोन तास. निघायची वेळ लोक इंटरनेटवर वाचून 'साडेतीन' धरतात आणि जुलैत माथ्यावर दीड तास कुडकुडत बसतात. हिशोब सोपा आहे. जूनअखेर-जुलैत सूर्य सुमारे ६ वाजून ५० मिनिटांनी उगवतो, डिसेंबरात साडेपाचच्या आसपास. सूर्योदयाच्या आधी वीस मिनिटं माथ्यावर असायचं. म्हणजे दोन तास चालणाऱ्याने जुलैत साडेचारला निघावं आणि डिसेंबरात तीन वाजून दहा मिनिटांनी. फार लवकर पोचणं हेही चुकणंच आहे, कारण चालून तापलेलं अंग थांबल्यावर दहा मिनिटांत थंड होतं.

झीतनंतर झाडं संपतात. आधी खुरटी झुडपं, मग नुसता खडक. अंधारात वाट दाखवतात ते दगडांवर मारलेले पांढरे ठिपके. हेडटॉर्चचा झोत पुढे लांब टाकला तर ते धुक्यात विरतात, म्हणून झोत जमिनीलगत ठेवावा आणि एक ठिपका गाठल्याशिवाय दुसरा शोधू नये. दगडांच्या रचलेल्या ढिगाऱ्यांवर भरवसा नको, ते कुणीही कुठेही रचतं. माथ्याजवळ खडकाचा रंग बदलून तांबूस होतो आणि पायाखाली घसारा येतो: हलके, पोकळ, जळक्या विटेच्या चुऱ्यासारखे लाव्ह्याचे खडे. ते हातात घेऊन पाहण्यासारखे आहेत. मुठीएवढा तुकडा वजनाला जवळजवळ काहीच नसतो, कारण आत वायूचे बुडबुडेच जास्त. पाऊल टाकलं की करकरतं आणि अर्धं मागे सरकतं. इथे लहान पावलं, पूर्ण तळवा टेकवून.

माथ्यावरून तिन्ही सर्क एकाच ठिकाणी उभं राहून दिसतात, आणि आग्नेयेला फुर्नेझ. कड्याच्या काठाला वारा जोराचा असतो, खडक सुटा असतो. फोटोसाठी काठावर जाणं टाळावं. समुद्रसपाटीवरून चोवीस तासांत तीन हजार मीटरवर आलेल्या काहींचं डोकं दुखतं. ते खाली उतरलं की जातं. चक्कर किंवा उलटी सुरू झाली तर वाट पाहू नये, उतरावं.

खरी कसोटी उतारावर लागते. माथा ते ल ब्लॉक १,७०० मीटर, त्याच ओंडक्यांच्या खोक्यांतून. जायबंदी होणारे बहुतेक इथे होतात, तेही शेवटच्या तासात, लक्ष गाडीकडे लागलेलं असताना. उतरण्याआधी बूट सोडून पुन्हा घट्ट बांधावेत, घोट्याजवळ दोन फेरे जास्त. नाहीतर बोटं पुढे आदळून नखं काळी पडतात. काठ्या असतील तर उतारासाठी दहा सेंटिमीटर लांब कराव्यात. झीतवर अर्धा तास थांबून खाऊन मग पुढे.

पितों द ला फुर्नेझ

इथे चढाई थोडी, अंतर मध्यम. तरीही मी दोघांपैकी फुर्नेझला जास्त मान देतो, कारण इथली चूक लक्षात यायला उशीर लागतो.

बूर-म्युराहून ज्वालामुखीचा रस्ता वर जातो. वेधशाळा याच गावाजवळ आहे. १९७७ मध्ये लाव्हा माथ्याभोवतीच्या नेहमीच्या खोलगट कुंडाबाहेर वाहून पितों सेंत-रोझ गावात शिरला, त्यानंतर ती उभी राहिली. आज डोंगराच्या अंगावर बसवलेली भूकंपमापक, जमिनीचा फुगवटा मोजणारी यंत्रं तिथूनच पाहिली जातात. रस्ता पुढे प्लेन दे साब्लमध्ये उतरतो: तांबड्या-काळ्या वाळूचं, झाडाविना पठार. इथला शेवटचा पट्टा कच्चा आणि खड्ड्यांचा, गाडी सावकाश न्यावी. रस्ता संपतो तो पा द बेल्कोम्ब-जाकोब इथे, २,३११ मीटरवर. नावातला बेल्कोम्ब हा गव्हर्नर, आणि जाकोब हा १७६८ च्या मोहिमेत कडा उतरायची जागा शोधून देणारा गुलाम. बरीच वर्षं पाटीवर फक्त गव्हर्नर होता.

समोर घोड्याच्या नालेसारखं कुंड पसरलेलं दिसतं, पूर्वेला समुद्राकडे उघडं. हे आँक्लो फुके. कड्यात पाचशेहून जास्त पायऱ्या आहेत, त्या उतरून तळात जायचं. पायऱ्यांच्या तोंडाशी दार आहे. वेधशाळेने उद्रेकाची शक्यता कळवली की प्रशासन हे दार लावतं, कधी काही तासांच्या सूचनेवर. दार लावलं असेल तर कठडा ओलांडून जायचा विचारही करू नका. भेग नेमकी कुठे फुटेल हे कुणालाच ठाऊक नसतं, ती वाटेवरही फुटते.

तळात उतरल्याबरोबर फोर्मिका लेओ लागतो, जळक्या खड्यांचा तांबडा छोटा शंकू. पुढे सगळा लाव्हा, आणि तो दोन जातींचा. एक गुळगुळीत, वळ्या पडलेला, सायीवर बोट फिरवल्यावर घड्या पडतात तसा. त्याची वरची साल थंड होत असताना आतला रस वाहतच होता, त्याने साल ओढली आणि दोरखंडासारखे पीळ पडले. पीळ ज्या बाजूला फुगलेत ती वाहण्याची दिशा. यावर चालणं सोपं, पण आत पोकळी असलेली पातळ साल कुठेकुठे पायाखाली फुटते, म्हणून ठिपक्यांची मळलेली वाट सोडायची नाही. दुसरी जात स्थानिक भाषेत 'ग्राताँ': कोळशाच्या खंगरासारखे काटेरी तुकडे. यावर पडलं तर तळहात किसणीवर घासल्यासारखा सोलतो. साधे बागकामाचे हातमोजे आणि पूर्ण लांबीची पँट, एवढ्याने हे टळतं. मऊ तळव्याचे पळायचे बूट इथे एका फेरीत कुरतडले जातात.

वाकून पाहिलं तर काही दगडांत बाटलीच्या काचेसारखे हिरवट दाणे चमकतात, कधी मुगाएवढे. ते ऑलिव्हिन. खोलवर, लाव्हा पृष्ठभागावर येण्याआधीच तयार झालेले स्फटिक. पाहायचे आणि तिथेच ठेवायचे, हे राष्ट्रीय उद्यान आहे.

तासाभरात शापेल द रोझमों येतं, घंटेसारखं पोकळ लाव्ह्याचं घर. त्यानंतर चढ लागतो आणि वाट माथ्यावरच्या दोलोमियु विवराच्या काठावरच्या नजरबुरुजाशी संपते. वाट सर्वोच्च बिंदूवर जात नाही, आणि याला कारण आहे. एप्रिल २००७ मध्ये खालचा लाव्हा निघून समुद्राकडे वाहिला, पोट रिकामं झालं आणि विवराचा तळ तीनशे मीटरहून जास्त खचला. तेव्हापासून काठ पोकळ आहे. भेगा काठाला समांतर दिसतात. जुनी विवराभोवतीची फेरी त्याच वेळी बंद झाली. कठड्याच्या पुढे पाय टाकायचा नाही, पुढे माणसं उभी दिसली तरी.

जाऊन येऊन अकरा-बारा किलोमीटर, पाच ते साडेपाच तास. आणि शेवटी त्या पाचशे पायऱ्या चढायच्या असतात, याचा विसर पडतो. कुंडात पाण्याचा थेंब नाही, सावली नाही. अडीच लिटर पाणी माणशी, टोपी, सनस्क्रीन. काळा लाव्हा तापतो आणि उन्हाळी दुपारी खालूनही भाजतो.

सर्वांत मोठा धोका धुकं. कुंड मैदानासारखं, चहूकडे सारखंच काळं. ढग उतरला की दहा मीटरवरचं दिसत नाही आणि दिशा कळत नाही. सूज्ञ माणूस धुक्यात सरळ चालतोय असं समजून गोल फिरतो. नियम एकच: पुढचा ठिपका दिसला तरच पाय उचलायचा. दोघं असतील तर एकाने शेवटच्या ठिपक्यावर उभं राहायचं, दुसऱ्याने हाकेच्या अंतरात पुढचा शोधायचा. नाहीच सापडला तर मागच्या ठिपक्यावर बसून अंगावर सगळे कपडे चढवायचे आणि ढग फाटायची वाट पाहायची. म्हणूनच ऊन असतानाही सॅकमध्ये जॅकेट, शिट्टी आणि चंदेरी आपत्कालीन पांघरूण हवं. पाच वाजता हसत निघालेली माणसं या कुंडात गारठून दगावली आहेत.

सकाळी सहाला पायऱ्यांवर असाल तर साडेअकरापर्यंत गाडीशी परत. हाच बेत धरावा.

उद्रेक चालू असेल तेव्हा कुंड बंद, पण बघायला मिळणार नाही असं नाही. भेग कुठे आहे त्यावर अवलंबून, कड्याच्या काठाने पितों द बेरकडे जाणाऱ्या वाटेवरून पेटलेला लाव्हा दिसू शकतो. रात्री जाणारे बहुतेक, म्हणून प्रत्येकाकडे स्वतःची विजेरी आणि जादा सेल. मोबाइलचा दिवा धरू नये, थंडीत बॅटरी झपकन उतरते आणि तोच फोन मदतीसाठी लागणार असतो. दम्याच्या माणसाने वाऱ्याची दिशा पाहावी, गंधकाचा वायू घसा धरतो.

क्रम

विमानातून उतरून थेट पितों दे नेझ चढू नये. आधी पाय मोकळे करायला रोश एक्रित बरा: २,२७६ मीटर, मामोद कांपपासून जाऊन येऊन सहा-सात तास, चढ मंद. वरून मफात आणि सालाझी दोन्ही दिसतात. वाटेतल्या जंगलात तुईत-तुईत नावाचा पक्षी राहतो. तो जगात फक्त या डोंगरावर आहे आणि अगदी थोडा उरला आहे, तिथे आवाज कमी ठेवावा. मैदोहून २,८९८ मीटर उंच ग्राँ बेनारला जाणारी कड्यावरची वाटही चांगली, फक्त ती पूर्ण उघडी आहे, ढगाआधी परतायलाच हवं.

मग फुर्नेझ, मग शेवटी पितों दे नेझ. त्याच्या उतारानंतर दोन दिवस जिना उतरता येत नाही, म्हणून तो शेवटी. राखीव दिवस मात्र सहलीच्या टोकाला न ठेवता फुर्नेझच्या लगेच नंतर ठेवावा: दार बंद निघालं किंवा सकाळी सहालाच कुंड धुक्याने भरलेलं असलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा पा द बेल्कोम्बला यायची सोय राहते, आणि झीतचं महिन्यांपूर्वीचं आरक्षण हलवावं लागत नाही.